दाजींचं कडं

जंतूंना नावानिशी ओळखणारा माणूस साऱ्या सांगली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, नवरा आहे. बाकीच्यांना जंतू म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीतली, वाचता न येणारी एक ओळ. दाजींना ते भाऊबंदांसारखे. डोळ्यांना दिसत नाहीत, पण कुठंतरी बसून आपल्या वाइटावर टपलेत याची पक्की खात्री. मी साताऱ्याहून आष्ट्याला गेलो की दाजी "या पावणं" म्हणायच्या आधी माझ्या सदऱ्याची कॉलर अंगठ्यात आणि बोटात धरून चोळत आणि म्हणत, "ह्यात सूत कमी, पॉलिस्टरच जास्त. घाम कुठं जाणार मग? जंतूंची चैन हाय नुसती." पाटबंधारे खात्यातल्या कारकुनानं नवा सदरा वर्षातून एकदा घ्यावा, तो घालून मोठ्या हौसेनं बहिणीकडं जावं, आणि दारातच त्याची अशी जंतूंची धर्मशाळा व्हावी.

दाजींची सगळी नोकरी कापडाचं शास्त्र शिकवणाऱ्या एका कॉलेजात गेली. प्रयोगशाळेत परिचर. काचेच्या बशा धुणं, उकळणं, सरांना हवं ते हातात देणं. तिथल्या सरांचा एक आवडता विषय होता: कडुलिंब, तुळस, हळद, डाळिंबाची साल असल्या औषधी झाडपाल्याचा अर्क काढायचा, त्यात सुती कापड बुडवायचं, पिळून वाळवायचं, आणि त्या कापडावर जंतू धरतात का ते बघायचं. बघायची रीतही दाजींनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी झोपेत म्हणून दाखवीन. बशीत शिजवलेलं चायना ग्रास ओतायचं. ते थिजलं की वर जंतू पेरायचे, मधोमध कापडाचा रुपयाएवढा तुकडा ठेवायचा आणि बशी उबेला ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरते. पण कापडात दम असला तर त्या तुकड्याभोवती स्वच्छ, रिकामं कडं राहतं. या कड्यावर दाजींचा जीव. सर लोकांचे निबंध छापून आले, त्यांना बढत्या मिळाल्या, आणि निबंधांच्या शेवटी आभाराची जी ओळ असते तिच्यात मोठमोठ्या नावांनंतर 'व इतर' असं छापलेलं असे. दाजी ते पान जपून ठेवत आणि आल्यागेल्याला दाखवत. "हे 'व इतर' हाय न्हवं, हे म्हंजी मी." यात कुठं कडवटपणा नसे. तो आम्हा बघणाऱ्यांच्या तोंडाला येई.

निवृत्त झाल्यावर दाजींनी प्रयोगशाळा घरी आणली, म्हणजे आक्काच्या स्वयंपाकघरावर कब्जा केला. कुकरात कडुलिंबाचा पाला शिजू लागला आणि पुढचे आठ दिवस डाळ, भात, बटाटा सगळ्यांना गुढीपाडव्याची चव. आक्का ओरडायची, "आवं, कुकर माझ्या म्हायेरचा हाय!" दाजी शांतपणे म्हणायचे, "म्हणूनच झाकण घट्ट बसतंय." डाळिंबाच्या साली आणायला ते रोज एसटी स्टँडवरच्या रसवाल्याकडं पोतं घेऊन जात. शेवटी एक दिवस त्या रसवाल्यानं न राहवून विचारलं, "काका, शेरडं किती हायती वो?" दाजींनी त्याला पाऊण तास कापडाचं शास्त्र समजावलं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "व्हय, पर दूध किती देत्याती?"

आणि कापड चाटायची खोड! अर्कात बुडवून वाळवलेला प्रत्येक तुकडा दाजी जिभेला लावून बघत. कडू लागला तर पास. पाहुणे बसलेत, कडेगावचं स्थळ माझ्या भाचीला बघायला आलंय, मुलाचा चुलता काही विचारतोय, आणि हे दारातल्या दोरीवरचं फडकं ओढून चाटतायत. ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. त्यांच्या फ्रिजमध्येही काय सापडेल याचा भरवसा नव्हता. एकदा भर दुपारी भुकेच्या तारेत मी फ्रिज उघडला, तर काचेच्या बशीत मस्त पांढरा, थरथरता खरवस. चमचा घेतला, आता टोचणार तोच मागून दाजींची आरोळी: "पावणं, ठेवा खाली! माझ्या काखंतलं जंतू हायती ते!" तेव्हापासून मी खरवस खात नाही. लोकांना डॉक्टरांनी मना केलंय म्हणून सांगतो.

माझ्यावरचा प्रयोग वेगळाच. दाजींनी मला एक बनियन दिला, डावी बाजू अर्कात बुडवलेली, उजवी कोरी. डावा अर्धा भाग शेणानं सारवलेल्या भिंतीच्या रंगाचा. ऐन चैत्रात तो चार दिवस न धुता घालायचा आणि पाचव्या दिवशी दोन्ही काखांच्या वासात फरक पडतो का ते पाहायचं. ऑफिसात माझ्या उजवीकडचं टेबल दुसऱ्याच दिवशी खिडकीकडं सरकलं. पाचव्या दिवशी दाजी एसटीनं साताऱ्याला आले, माझ्या बायकोला पंच नेमलं आणि बनियन तिच्या नाकाशी धरला. ती म्हणाली, "मला दोन्हीकडनं ह्यांचाच वास येतोय." दाजींनी वहीत लिहिलं, 'पंच पक्षपाती.' मग स्वतः हुंगून मान डोलावत म्हणाले, "डावीकडं बघा, लय फरक हाय." खरं सांगायचं तर फरक होता. डावी बाजू फक्त कडू पाल्यासारखी वास मारत होती. पण हे मी कबूल केलं नाही, कारण कबूल केलं असतं तर पुढचा बनियन आला असता.

दाजींचं एकच दुःख होतं, धुणं. अर्क नुसता मुरवला तर पहिल्या-दुसऱ्या धुण्याला निघून जाई. लिंबूसत्वाचं पाणी देऊन, कडक इस्त्री फिरवून तो पक्का केला तर धुण्यात टिके. पण मग बशीत कडं बारीक पडे. नुसतं मुरवलेलं, कच्चं कापड ठेवलं की बशीत हे एवढं कडं! दाजी कितीतरी दिवस या पेचात होते आणि शेवटी ते मोठ्या कड्याच्या मोहात पडले. माणूस आयुष्यभर 'व इतर' मध्ये राहिला की त्याला कधीतरी एक मोठं कडं आपल्या नावावर असावं असं वाटत असणार. मला हे आज सुचतं. तेव्हा मला फक्त बनियन चुकवायचा होता.

भाची, म्हणजे दाजींची एकुलती एक लेक, उंब्रजला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती आष्ट्याला आली तेव्हा दाजींना चेव चढला. बाळंतविडा आपल्या कापडाचा करायचा! दुपटी, झबली, टोपरी, लंगोट, सगळं मऊ सुती, औषधी. "दुसरं आजोबा नातवाला चांदीचं कडं घालत्याली," ते म्हणाले, "आमी जंतू न शिवायचं कडं घालणार." दुपटी-झबली त्यांनी पक्क्या कापडाची केली, कारण ती रोज धुवायची. तरीही कच्च्या, मोठ्या कड्याच्या कापडाचं एक ठाण शिल्लक राहिलं. त्या दिवशी मी तिथंच होतो. ठाणाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत दाजी म्हणाले, "पावणं, तुमास्नी ह्याच्या चार बनेली..." बायकोचे मागच्या महिन्यातले 'दोन्हीकडनं ह्यांचाच वास' हे शब्द कानात घुमले. आणि मी मोठ्या शहाणपणानं बोलून गेलो, "मला कशाला दाजी? बाळाच्या आईला द्या की. बाळंतिणीला पाझर फुटतो, ब्लाउजमध्ये घड्या ठेवाव्या लागतात, तिथं चिरा पडतात, पिकतं म्हणे. तिथंच तर खरं औषधी कापड पाहिजे." हे मी कुठंतरी वाचलं होतं. अर्धवट वाचलेल्या गोष्टी मी नेहमी पूर्ण आत्मविश्वासानं सांगतो. दाजींनी माझा हात दाबला. "एवढी बशी उकळली, पर हे मला न्हाई सुचलं," म्हणाले.

मुलगा झाला. बारा दिवस आक्कानं रीतीप्रमाणं जुनेरात गुंडाळला. बाराव्या दिवशी बारसं झालं, अख्खी गल्ली जेवली, आणि दाजींनी बाळंतविडा लेकीच्या ओटीत घातला. सगळ्यात वर बाळंतिणीसाठी कच्च्या कापडाच्या शिवलेल्या, दोऱ्यानं बांधलेल्या घड्यांचा गठ्ठा. त्यांचा चेहरा असा होता की सरकारनं त्यांना शालजोडी दिली असावी.

त्याच संध्याकाळपासून पोरानं दूध सोडलं. तोंड लावी, चेहरा वाकडा करी, मान फिरवून किंचाळे. बारशाला माणसं आली होती, तेव्हा निदान ठरलेलंच, दृष्ट. आक्कानं मीठमोहऱ्या उतरल्या. शेजारीण म्हणाली, "बाई, कुणाकुणाचं डोळं लय वायट." कुणी भाचीच्या जेवणातली गवार बंद केली, कुणी लसूण वाढवला. ती बिचारी रडत रडत पोराला पुन्हा पुन्हा जवळ घेई, दूध वाहून जाई आणि घड्या बदलत जाई. घडी ओली झाली की स्वच्छ नवी. तिसऱ्या दिवशी सांगलीला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं. वजन उतरलं होतं. डॉक्टरांनी वरचं दूध चालू केलं. बाटली तोंडाला लावताच पोरानं ती घटाघटा ओढली, आणि भाची भिंतीकडं तोंड करून निजली.

पाचव्या दिवशी उंब्रजच्या विहीणबाई आल्या. मीही रजा काढून गेलो होतो, सोप्यात खुर्चीवर बसून चहा पीत होतो. विहीणबाईंनी बाटली बघितली, मग भाचीला बघितलं, पदर सावरला.

"आमच्यात सुनांनी शेजारची पोरं पाजल्याती," त्या म्हणाल्या. "बारा दिसांत दूध आटल्यालं मी तर कवा ऐकलं न्हाई. पोरीच्यात काय खोट हाय, एकदा नीट दाखवून घ्या. पुढच्या लेकराला तरी कामी यील."

आक्का म्हणाली, "आवं, दूध हाय की तिला. पोरगंच घेत न्हाई."

"चांगलं आसंल तर न घ्यायला पोराला काय झालंय?"

भाचीनं मान खाली घातली. आणि तेवढ्यात परसातनं दाजी आत आले. हातात धुवायला टाकलेली घडी, दुधानं भिजून वाळलेली, पाणी अजून न लागलेली. ती त्यांनी चाटली होती, एक टोक अजून ओलं होतं.

"खोट पोरीत न्हाई," ते म्हणाले. "ह्यात हाय."

"हे काय?" विहीणबाई.

"हे कडू पायजे. मी शिवलं तवा जहर कडू हुतं. आत्ता सपक लागतंय. मग कडूपणा गेला कुठं? दुधानं कापड भिजलं, अर्क सुटला, पोरीच्या अंगाला लागला, आन् लेकराच्या तोंडात गेला." दाजी थांबले. त्यांना अजून काहीतरी कळत होतं आणि ते सगळ्यांसमोर कळत होतं. "कडं मोठं पडतंय म्हंजी कापडातनं बाहीर सांडतंय, आणि काय. एवढी साधी गोष्ट. इतकी वर्षं बशीत बघत हुतो."

यातलं विहीणबाईंना एकच कळलं, पण ते नेमकं कळलं. "म्हंजी दोन वरसाच्या पोराचं दूध तोडाय आमी छातीला कडू लावतो, तसं तुमी बारा दिसाच्या लेकराचं तोडलंसा?"

"व्हय," दाजी म्हणाले.

मग भाची बोलली. आवाज चढवला नाही तिनं, चढवला असता तर बरं झालं असतं.

"आबा, तुमी माझ्यावर प्रयोग केलासा?"

दाजींनी तोंड उघडलं. एकदा माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघावं तसं. त्या एवढ्याशा वेळात मला खुर्चीवरून उठून चार शब्द बोलता आले असते. 'ही कल्पना माझी होती,' एवढेच. फार झालं तर पाच. मी चहाचा घोट घेतला.

"व्हय, बाळा," दाजी म्हणाले.

घड्या जाळल्या, अंग साबणानं धुतलं, भाचीनं पोराला पुन्हा जवळ घेऊन पाहिलं. पण त्याला तोवर बाटलीची सोपी वाट कळली होती, आणि कडू चव बहुतेक लक्षात राहिली होती. पंधरा दिवसांत दूध आटलं. विहीणबाईंच्या तोंडून मात्र पोरीच्या खोटीचा शब्द पुन्हा निघाला नाही. तेवढं दाजींनी त्या दुपारी कमावलं होतं. सव्वा महिना होताच त्या सुनेला आणि नातवाला घेऊन गेल्या. तीन महिने राहायचं ठरलेलं होतं. गाडीत बसताना भाची आईच्या गळ्यात पडली, माझ्या पाया पडली, आणि बापाला "येते" म्हणाली. ती पाया पडायला वाकली तेव्हा मी दोन पावलं मागं सरलो. तिला वाटलं, मामाला संकोच वाटला.

दाजींनी बशा फोडल्या नाहीत, असलं काही नाटक त्यांना जमत नाही. त्यांनी त्या धुतल्या, उकळल्या, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. कुकर चिंच लावून घासला आणि आक्कासमोर ठेवला. आक्कानं तो मोलकरणीला दिला आणि नवा आणला. स्टँडवरच्या रसवाल्यानं विचारलं, "काका, येत न्हाईसा, शेरडं इकली काय?" दाजी म्हणाले, "व्हय, इकली." पोराच्या अंगावर मात्र लंगोटाचं म्हणून एकही पुरळ कधी आलं नाही. पक्क्या कापडाच्या दुपट्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि दाजींनी कुणाला सांगितलं नाही.

आता पोरगा पाच वर्षांचा आहे. वरच्या दुधावर वाढून असा दणकट झालाय की गल्लीतली मोठी पोरं त्याला वाट देतात. उन्हाळ्यात चार दिवस आष्ट्याला येतो. मी साताऱ्याहून येताना कंदी पेढ्यांचा पुडा आणतो, म्हणून त्याच्या तोंडी मी 'पेढेमामा'. आजोबांना तो 'कडूआबा' म्हणतो. उंब्रजला आजीनं शिकवलेलं, आणि पोराला त्यात वावगं काही वाटत नाही. कुणाचे आबा तात्या असतात, कुणाचे अण्णा, याचे कडू. तो भर गल्लीतनं "कडूआबा, पतंग!" अशी आरोळी ठोकतो आणि दाजी "आलो, आलो" करत चप्पल शोधतात. भाची ऐकते. एवढ्या वर्षांत तिनं पोराला 'असं म्हणू नये' म्हटलेलं मी ऐकलं नाही.

गेल्या मे महिन्यात दाजी आणि मी दारातल्या बाकावर बसलो होतो. माझीही आता नोकरीची शेवटची वर्षं आहेत. या वयात माणसाला जुनी देणी आठवतात म्हणतात. मला एकच आठवत होतं. मी गल्लीकडं बघत म्हणालो, "दाजी, त्या घड्या. ती कल्पना माझी होती."

"मला काय म्हाईत न्हाई व्हय?" दाजी म्हणाले. "मी हुतो की तितं."

"मी तेव्हा बोललो नाही. आज तिला सांगतो."

दाजींनी मान हलवली. मग म्हणाले, "नगा. दोघांस्नी कडू करून काय करायचं? पोरीला म्हायेराला यायला एक तरी माणूस गोड ऱ्हाऊ द्या."

आतनं भाचीची हाक आली, "मामा, चहा झालाय!"

"जावा," दाजी म्हणाले. "गार हुईल."

मी उठलो. उंबऱ्यात जरा थांबलो, आबांसाठी दुसरी हाक येते का ते ऐकायला. मग आत गेलो.